किल्ल्यावरचा पतंग

सांगलीहून लखनौला, विकास नगरात राहायला येऊन पाच महिने झाले, तरी पूर्वाला एक मैत्रीण मिळाली नव्हती. शाळेतून आली की ती खिडकीत बसे आणि रात्री जेवताना वडलांना विचारी, "बाबा, आपण परत कधी जायचं?" सुधीरची नोकरी चिनहटच्या कारखान्यात. तो ताटाकडे बघत म्हणे, "बघू." वासंतीआजी अर्ध्या जेवणावरूनच उठत. पण पोरांची मैत्री मोठ्यांना लावून देता येत नाही, हे त्या जाणून होत्या.

दिवाळी आली.

"आजी, इथं किल्ला करतात?"

"नसतील करत. म्हणून आपण करू नये असं थोडंच आहे? फक्त अंगणात नको, फाटकाबाहेर कर."

सुधीरने स्कूटरवरून दोन पोती माती आणली. पूर्वाने बुरूज उभारले, तळं खणलं, उतारावर मोहरी पेरली. समोरच्या घरातला आर्यन सायकल थांबवून बघत राहिला.

"ये क्या है? मिट्टी का ढेर?"

"किला है."

"किले में फ़ौज होती है. तुम्हारी फ़ौज कहाँ है?"

पूर्वा रडतच आत आली. "आजी, इथल्या बाजारात मावळेच मिळत नाहीत!"

आजी चकल्या पाडत होत्या. "मग फौज तूच जमव. जा, विचार त्यांना, कुणाकडं काय आहे."

"हिंदीत?"

"रडत विचारलंस तरी चालेल."

ती गेली. काय बोलली कुणास ठाऊक, पण थोड्याच वेळात शेजारची झोया आपली मातीची खेळणी घेऊन आली. एक पाठीवर पखाल घेतलेला भिश्ती, एक डोक्यावर पणत्या घेतलेली गवळण. आर्यनने दिवाळीतले साखरेचे हत्ती-घोडे आणले. "ये लो फ़ौज. हाथी लड़ेंगे, भिश्ती पानी पिलाएगा." संध्याकाळपर्यंत हत्तींना मुंग्या लागल्या. "दुश्मन आ गया!" असा गिल्ला झाला, आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून निम्मी फौज मुलांनीच खाऊन टाकली.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या पाडव्याला, लखनौत जमघट असतो. अवघं शहर गच्चीवर पतंग उडवतं, आणि कटलेला पतंग ज्याच्या हाती लागेल त्याचा. आर्यनला सकाळपासून एकही मिळाला नव्हता, आणि ते तो सगळ्या गल्लीला सांगत फिरत होता.

दुपारी एक मोठा जांभळा पतंग गिरक्या घेत आला आणि किल्ल्याच्या सर्वांत उंच बुरुजावर अडकला. पलीकडच्या गल्लीतली पोरं आरडाओरडा करत धावली. सगळ्यांत पुढे आर्यन. पूर्वाने डोळे गच्च मिटले. फाटकाशी बसलेल्या आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. एक पाय तळ्यात टाकला की पतंग त्याचा होता.

आर्यन तळ्याच्या काठाशी आला, कसाबसा थांबला आणि उलटा वळून हात पसरून उभा राहिला.

"रुको! पैर मत रखना!"

"अबे हट, पतंग जाएगी!"

"जाने दे. किला है."

झोया धावत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. पोरं कुरकुरली, तेवढ्यात आभाळात दुसरा पतंग कटला आणि सगळी तिकडे पळाली.

पूर्वाने तळ्यावरून वाकून पतंग अलगद काढला, आर्यनपुढे धरला. त्याने तो डोळे भरून पाहिला.

"रहने दो. झंडा नहीं था ना किले पे." मग लगेच, "पर परसों मैं ले लूँगा, हाँ!"

आजी आत गेल्या, ताटली भरून चकल्या घेऊन आल्या. "खा रे बाळा."

आर्यनने चकली उलटसुलट करून पाहिली. "दादी, ये नमकीन वाली जलेबी है?"

"हो रे राजा, तीच," आजी म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

रात्री जेवताना पूर्वाने हाक मारली, "बाबा..."

सुधीरचा हात ताटात थांबला.

"पुढच्या दिवाळीला माती जास्त आणाल ना? आर्यनला किल्ल्याचा दरवाजा त्याच्या घराकडं हवाय. झोया म्हणते, तिच्याकडं."

"आणू की," सुधीर म्हणाला.

वासंतीआजींनी त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, भात मागून घेतला.