शिट्टीमावशींच्या बाटलीचं झाकण

मित्रांनो, औषधाच्या बाटलीवर बसणारं मी एक जुनं झाकण आहे. एवढ्याशा झाकणाला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या आत, अगदी टाळूला, नखाएवढी एक चकती बसवलेली आहे. कुणी मला फिरवून उघडलं की ती तारीख आणि वेळ टिपून ठेवते. बस्स, एवढंच माझं काम. एवढ्याशा कामातही मी एकदा सपशेल फसलो. ते कसं, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेलं पांढरं प्लॅस्टिक साच्यात पडलं, निवलं आणि मी टणकन बाहेर आलो. जाड चष्म्याच्या एका बाईंनी मला दोनशे वेळा उघडलं, दोनशे वेळा बंद केलं. माझा आकडाही बरोबर दोनशे आला. तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "हे बघ, हे कधी खोटं बोलायचं नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तसा मी सगळा डोकंच आहे म्हणा.

तिथून माझी रवानगी झाली हृदयाच्या दवाखान्यात. तिथल्या सिस्टरना एक कोडं पडलं होतं. "औषध नीट घेता ना?" असं विचारलं की सगळे रुग्ण "हो" म्हणायचे. मग त्यातल्या काहींची तब्येत सुधारायची आणि काहींची का नाही? म्हणून त्यांनी चाळीस रुग्णांना माझ्यासारखी झाकणं लावून बाटल्या दिल्या. त्यांच्या वहीत दोन रकाने होते. एकात रुग्ण काय सांगतो ते, दुसऱ्यात झाकण काय सांगतं ते.

मी आधी एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. महिन्यानं ते छाती पुढे काढून म्हणाले, "तीस दिवस, तीस गोळ्या. एक चुकली असेल तर नाव बदलीन." माझ्या चकतीत निघाले एकोणीस दिवस.

"मास्तर, झाकण काही वेगळंच म्हणतंय हो," डॉक्टर हसले.

"झाकणाला काय कळतंय!" मास्तर लालबुंद झाले आणि पिशवी उचलून चालते झाले.

डॉक्टरांनी मला बोटानं टिचकी मारली. "गुणी आहे," म्हणाले. त्या दिवशी मी इतका फुगलो की बाटलीवर बसायला अडचण व्हावी.

मग मला शिट्टीमावशींकडे दिलं. शाळेसमोरच्या चौकात लाल पाटी आणि शिट्टी घेऊन त्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायच्या. रोज तीनशे मुलं. कुणाचा डबा राहिलाय, कुणाची नाडी सुटलीय, सगळं त्यांना पाठ. पण त्यांचं हृदय थकलं होतं. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. साठलेलं पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी माझ्या बाटलीत होती. रोज सकाळी एक.

मी बेसिनशेजारच्या फळीवर राहायचो. सकाळी सातच्या ठोक्याला मावशींचा हात यायचा. मी उघडायचो, मिटायचो, वेळ टिपायचो. मिटल्यावर मला काही दिसत नाही, पण ऐकू येतं. गोळीचं पुढे काय होतं, याची मला भारी उत्सुकता. मास्तरांकडे माझ्या मागोमाग पाणी पिण्याचा घटघट आवाज यायचा. इथे मात्र कोटाची चेन ओढल्याचा झर्रकन आवाज यायचा आणि मग दार लागायचं. मला वाटलं, असतात काही माणसं कोरडीच गोळी गिळणारी. मी माझं काम करत राहिलो.

महिना संपला. मावशी मुलीबरोबर दवाखान्यात आल्या. "रोज सातला," त्या म्हणाल्या. माझ्या चकतीतही तीसपैकी तीस दिवस, सातच्या आसपास. बाटलीतल्या गोळ्या मोजल्या, त्याही जुळल्या. एकाच गोष्टीचा मेळ बसेना. मावशींचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं आणि बुटात पाय मावत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "गोळी लागू पडत नाहीये. दुप्पट करू. तरी वजन उतरलं नाही तर भरती व्हावं लागेल. आणि मावशी, ते चौकातलं उभं राहणं आता बंद."

मावशी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या.

सिस्टरनी दोन्ही रकाने पुन्हा पाहिले. मग पेन खाली ठेवलं. "डॉक्टर, मला दहा मिनिटं द्या," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून मावशींच्या समोर बसल्या. "मावशी, आज उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा."

"सगळं? तुला एवढा वेळ आहे का?"

"आहे."

"साडेपाचला उठले. चहा ठेवला. मग हिला उठवलं, हिला सात हाका लागतात."

"आई!" मुलगी म्हणाली.

"बरं, सहा. मग अंघोळ. मग बूट चढेनात म्हणून नाड्या काढून टाकल्या. सातला बाटली उघडली, गोळी काढली, खिशात टाकली, चेन लावली, पाटी घेतली आणि निघाले."

"खिशात?"

"मग कुठे टाकू?"

"तोंडात टाका की, मावशी."

"अगं, तोंडात टाकली की अर्ध्या तासात जावं लागतं! एकदा नाही, तीन-तीनदा. चौकात कुठे जाऊ मी? मी आत गेले आणि तेवढ्यात एखादं पोर धावलं रस्त्यावर, तर?"

 मग मुलगी म्हणाली, "मी रोज विचारते तुला, गोळी झाली का. तू हो म्हणतेस."

"तू एक पाय बुटात, एक पाय दाराबाहेर ठेवून विचारतेस. तेवढ्या वेळात 'हो'च बसतं." मावशींनी मान खाली घातली. "दुपारी खिशात हात गेला तर आठवते. मग घेते. नाही गेला तर राहून जाते."

त्यांनी खिसा टेबलावर उलटा केला. कुणा मुलाचं शर्टाचं बटण, खडूचा तुकडा, चौदा गोळ्या आणि चुरा झालेल्या गोळ्यांची पांढरी पूड. ओशाळून मी उघड्या बाटलीशेजारी टेबलावर पडून राहिलो.

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं," मावशी हळूच म्हणाल्या.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मुलं आत कधी जातात?"

"साडेनऊला फाटक बंद."

"आणि सुटतात?"

"दोनला."

"डॉक्टर, मावशींनी पावणेदहाला घरी जाऊन गोळी घेतली तर चालेल ना?"

डॉक्टरांनी मान डोलावली. मावशींना पटेना. "बाटलीवर तर 'सकाळी' लिहिलंय."

"पावणेदहा म्हणजे काय संध्याकाळ झाली का, मावशी?"

डॉक्टरांनी दुप्पट गोळीचा कागद फाडून टाकला. म्हणाले, "दोन आठवडे विश्वास ठेवून पाहतो. सूज उतरली तर पाटी तुमच्याच हातात."

त्या दिवशी मला कळलं की मी उघडणं मोजत होतो, गिळणं नाही. माझा आकडा बरोबर होता आणि तरी तो कुणाच्या कामाचा नव्हता. मग मला मास्तर आठवले. ते दोन-दोन दिवसांच्या गोळ्या एकदम काढून ठेवत असतील का? की खरंच विसरत असतील? मला अजून माहीत नाही. त्यांना त्यांची सकाळ सांगायला कुणी बसवलंच नव्हतं, आणि माझ्यामुळे डॉक्टर त्यांना हसले होते.

दुसऱ्या दिवशी सात वाजले आणि मला कुणी हात लावला नाही. पावणेदहाला दार उघडलं, कोट खुंटीवर गेला, मी उघडलो, मिटलो. आणि मग नळ सुटला, पेला भरला, घट, घट, घट. मित्रांनो, त्या आवाजाइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

दोन आठवड्यांनी वजन उतरलं होतं. मावशींच्या बुटांना नाड्या परत आल्या होत्या, वर डबल गाठ. सातचीच वेळ धरून बसलेल्या दवाखान्यातल्या संगणकानं मात्र प्रत्येक दिवसापुढे लाल खूण करून 'उशीर' असं छापलं होतं. मावशी घाबरल्या. सिस्टरनी पेन घेतलं आणि प्रत्येक 'उशीर'पुढे हातानं लिहिलं, 'बरोबर'. चौदा वेळा लिहिलं. पाटी मावशींच्याच हातात राहिली.

आता माझ्या चकतीतली शक्ती संपली आहे. सिस्टरची ती दोन रकान्यांची पाहणीही कधीच संपली. मावशींनी माझ्या बाटलीत सुया आणि सुटी बटणं भरली आहेत. कुणी उघडलं तरी मी आता काही टिपत नाही. त्याचं दुःख नाही, पण एक सांगावंसं वाटतं. तुमच्याही घरात कुणी आजोबा, आत्या, काका रोज गोळ्या घेत असतील. त्यांना जाता जाता दारातून विचारू नका. जवळ बसा आणि त्यांची सकाळ उठल्यापासून ऐका. मधे बोलू नका, रागावू नका. काही अडचण निघाली तर आपल्या मनानं गोळी बदलू नका, डॉक्टरांना सांगा. शिट्टीमावशींची सगळी सकाळ सांगून व्हायला दहा मिनिटं पुरली होती, सात हाकांसकट.