दोनशेच्या पुढची दोन अक्षरं

देविका सातपुते गोमतीनगरातल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम मुद्दाम वेडावाकडा वापरून बघायचा आणि तो कुठे कोलमडतो ते सांगायचं. नवरा प्रथमेश हवाई दलात होता, बख्शी का तालाबच्या स्टेशनवर. त्याच्या बदल्यांमागून ती साताऱ्याहून आधी जोरहाटला आणि मग लखनौला आली होती. ऑफिसात मराठी बोलायला एकच माणूस होता, कंपनीचे मालक निनाद सर.

कंपनीचा एकच प्रोग्राम खपत होता. तो नेटवर्कच्या लाइनी तपासायचा. तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन जागेवर जायचा, लाइन चाचणीवर टाकायचा, काही संदेश सोडून बघायचा. चाचणी संपली की प्रोग्राम लाइन पुन्हा चालू करून द्यायचा. लाइन चाचणीवर असेपर्यंत तिच्यातून काही पुढे जात नसे. जे पाठवाल ते वळून आपल्याकडेच परत येई.

दोन संदेशांमध्ये किती वेळाचं अंतर ठेवायचं ते एका रकान्यात लिहावं लागे. तिथे आकडाच हवा होता. देविकाने एकदा आकड्याऐवजी अक्षरं टाकून पाहिली. प्रोग्रामने ती मुकाट्याने घेतली, चाचणी सुरू केली आणि मध्येच बंद पडला. लाइन तशीच चाचणीवर अडकून राहिली.

तिने ते निनाद सरांना दाखवलं.

"पण तिथे आकडा सोडून कोण कशाला काही लिहील?" ते म्हणाले. "ट्रेनिंग दिलंय यार लोकांना."

"चुकून लिहितील, सर. प्रोग्रामने आधी बघायला हवं, आकडा आहे की नाही. नसेल तर घेऊच नये. चार ओळींचं काम आहे."

"चार ओळी बदलल्या की सगळं पुन्हा तपासावं लागतं, हे तूच सांगतेस ना मला? डिलिव्हरी तोंडावर आलीय. पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ."

ते खरं होतं, म्हणून ती आपल्या जागेवर परत गेली. पुढचं व्हर्जन निघालं, त्यात रंग बदलले, कंपनीचं नाव मोठं झालं. रकाना तसाच राहिला. तिने आणखी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी सर मोबाइल बघत नुसतं "हाँ हाँ" म्हणाले.

प्रोग्राम घेणाऱ्यांत एक धर्मादाय संस्था होती. लखनौच्या उत्तरेकडच्या गावांत तिचे छोटे दवाखाने होते. तिथे डॉक्टर नसे, एक नर्स असे. छातीत दुखणारा कुणी आला की नर्स त्याचा ईसीजी काढून लाइनवरून शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवायची आणि काय करायचं ते डॉक्टर कळवायचे.

अशाच एका दवाखान्यात संस्थेचा इंद्रपाल नावाचा तंत्रज्ञ लाइन तपासायला गेला. ट्रेनिंगमध्ये त्याला सांगितलं होतं, अंतर दो सौ एमएस रखना, म्हणजे दोनशे मिलिसेकंद. त्याने तेच लिहिलं. दोनशे, आणि पुढे इंग्रजीत एम आणि एस. प्रोग्राम बंद पडला. इंद्रपालने लॅपटॉप पुन्हा चालू केला, लाइनवर एक संदेश सोडला, तो लगेच परत आला. ते पलीकडून आलेलं उत्तर आहे, म्हणजे लाइन ठीक आहे, असं समजून तो पुढच्या गावाला गेला.

दुपारी त्या दवाखान्यात एक गवंडी आला. बांधकामावरून चालत आला होता, घामाने भिजलेला. नर्सने ईसीजी काढला, पाठवला. तो वळून परत आला आणि त्यालाच पोच समजून यंत्राने 'पोचला' असं दाखवलं. ती उत्तराची वाट बघत बसली. पोचलाय म्हटल्यावर डॉक्टर बघत असतील, असं तिला वाटलं. बऱ्याच वेळाने तिने फोन लावला, तेव्हा कळलं की तिकडे काहीच आलेलं नाही. जीप बोलावली. गवंडी वाटेतच गेला.

देविकाला हे ऑफिसात कळलं. संस्थेने खुलासा मागवला होता आणि निनाद सर तो लिहीत होते. तंत्रज्ञाने रकान्यात चुकीची माहिती भरली, असं त्यात होतं.

"सर, हे मी तुम्हाला दाखवलं होतं," देविका म्हणाली.

"दाखवलं होतंस." त्यांनी मान वर केली नाही. "पण त्याने चुकीचं लिहिलं हेही खरंच आहे ना?"

"त्याला सांगितलं तेच त्याने लिहिलं. घेणारा आपला प्रोग्राम होता."

"देविका, ऑफिसात बावीस लोक आहेत. हे आपल्यावर आलं तर कंपनी बंद होईल. काय करू मी?"

त्यांचा चेहरा खरोखरच घाबरलेला होता. तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण पुरता आलाही नाही.

"निदान दुरुस्ती तरी आज पाठवू या," ती म्हणाली. "मी लिहून ठेवलीय."

"आता पाठवली तर चूक आपलीच होती असं होईल. आता तर मुळीच नाही."

त्या रात्री तिने प्रथमेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू सांगायचं तेव्हा सांगितलंस. अजून काय करणार?" बोलणं मायेचंच होतं, पण तिला झोप लागली नाही.

ती रजा टाकून संस्थेच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मैडम, जाँच पूरी हो चुकी है। उस लड़के को हमने हटा भी दिया।"

"लेकिन बाकी सेंटरों पर वही प्रोग्राम चल रहा है. फिर हो सकता है."

"अब सबको समझा दिया है, एमएस नहीं लिखना है।" आणि त्यांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

इंद्रपालचं घर तिने विचारत विचारत शोधलं. तो अमीनाबादमागच्या एका गल्लीत आईबरोबर राहायचा. आता एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचा. ती कोण ते कळल्यावर तो उभाच राहिला. त्याच्या आईने खुर्ची पुसून दिली.

"गलती तुम्हारी नहीं थी," देविका म्हणाली. "प्रोग्राम को रोकना चाहिए था. मुझे पहले से मालूम था, मैंने कहा भी था." तिने त्याला सगळं समजावून सांगितलं. रकाना कसा काहीही गिळतो, लाइन कशी अडकते, परत आलेला संदेश का खोटा होता. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"लिखा तो मैंने ही था दीदी," तो म्हणाला.

"तुम्हें वही सिखाया गया था."

"बाकी लड़कों ने नहीं लिखा। मैंने लिखा।"

ती पुन्हा सांगू लागली. तो "जी, जी" म्हणत राहिला. दुखवट्याला आलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यावं, तसं तो ऐकत होता. त्याला काहीच पटलेलं नाही हे तिला दिसत होतं. पटलं असतं तरी त्याला परत कामावर घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं.

आईने चहा आणला. तो पिऊन देविका उठली. दारापर्यंत सोडायला आलेल्या इंद्रपालने, आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं, "दीदी, लाइन चालू रहती तो वो बच जाता?"

त्याला काय हवंय ते तिला कळलं नाही. हो म्हटलं तर तो मरेपर्यंत ते घेऊन फिरणार. नाही म्हटलं तर ते खरं आहे की नाही हे तिलाच ठाऊक नव्हतं.

"पता नहीं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तिच्यासाठी रिक्षा थांबवायला तो गल्लीच्या तोंडाकडे गेला.