कुणी मागितलं, कोण सोबत आलं

"यादी शेवटपर्यंत वाच, मगच हो म्हण. मशीन कधी घाई करत नाही, नेरेइदा. घाई आपण करतो."

हे लेओनसिओसरांचे शब्द. कामाग्वे शहरातल्या आमच्या ग्रंथालयातली ब्रेलची खोली त्यांनी उभी केली. तिथला सर्व्हर त्यांनी लावला, आणि मुलीकडे समुद्रापलीकडे राहायला जाताना तो माझ्या हाती सोपवून गेले. त्याला आता अकरा वर्षं झाली.

त्यांनी मला शिकवलं ते एवढंच, की या मशीनवर काहीही एकटं येत नाही. प्रत्येक प्रोग्राम पॅकेज होऊन येतो, सोबत आपली चिठ्ठी आणतो: माझं नाव हे, मला चालायला अमक्याची आणि तमक्याची गरज आहे. मग आत बसलेला पॅकेज मॅनेजर त्या अमक्या-तमक्यालाही बोलावून घेतो आणि सगळ्यांची नोंद करतो. सर त्याला 'कारभारी' म्हणत. कुणी कुठली फाइल कुठे ठेवली, हे कारभाऱ्याला ठाऊक. आणि आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक असते, ती ऐकून मी तेव्हाच थक्क झाले होते. कुठलं पॅकेज माणसाने स्वतः मागितलं आणि कुठलं नुसतं दुसऱ्याच्या सोबतीला आलं, हेही तो लिहून ठेवतो.

त्या शुक्रवारी सकाळी ब्रेलचा प्रिंटर मुका झाला. एरवी तो कागदावर ठिपके ठोकतो तेव्हा खालच्या मजल्यावरचे वाचक छताकडे बघतात. जाड कागद दीड आठवडा मिळाला नव्हता, तो गुरुवारी संध्याकाळी आला. म्हणून शुक्रवारी पहिलं पान लावलं, आणि ते जसं आत गेलं तसंच कोरं बाहेर आलं.

मायदेलिनने त्यावर बोटं फिरवली. ती जन्मापासून अंध आहे, आमची प्रुफं बोटांनी वाचते.

"सुंदर मजकूर आहे," ती म्हणाली. "एकही चूक नाही."

मला हसू आलं नाही, कारण दारात संचालिका बेलकिसबाई उभ्या होत्या, आणि त्या थेट ओस्मानीकडे बघत होत्या.

ओस्मानी माझा सहकारी, चौतिशीचा, कुशल हाताचा, पण बेसबॉलचा वेडा. बुधवारी सामना होता. त्याने सर्व्हरला स्पीकर जोडून सगळ्या मजल्याला समालोचन ऐकवलं होतं.

"जोड अजून स्पीकर!" बेलकिसबाई म्हणाल्या. "मशीन म्हणजे तुझ्या काकाचं घर वाटलं काय?"

"बाई, स्पीकर कानाला लागतो, प्रिंटरला नाही."

"मला शिकवू नकोस. मागच्या वेळीच बजावलं होतं. आता गावाबाहेरच्या गोदामात जा, जुनी वर्तमानपत्रं मोज. सोमवारी बदलीचं पत्र देते."

गोदामात जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि बसचं काय ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ओस्मानीची आई अंथरुणाला खिळलेली. दुपारी घरी धावत जाऊन तो तिला जेवू घालतो. ग्रंथालयापासून घर तीन गल्ल्यांवर आहे, म्हणून ते जमतं. गोदामात गेला तर नोकरीच सोडावी लागणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

बेलकिसबाई माझ्याकडे वळल्या. "नेरेइदा, तू खोटं बोलत नाहीस. शेवटचं कोण बसलं होतं मशीनवर?"

"ओस्मानी," मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "झालं. आमच्या संतबाईंनीच साक्ष दिली म्हटल्यावर स्वर्गातही दाद मागायची सोय नाही." मग आवाज उतरला. "ताई, मी खरंच काही काढलं नाही गं तिथलं."

"मी कारण शोधते," मी म्हणाले. "आजच्या आज. आणि जे निघेल ते तुझ्या दारात येऊन मी स्वतः सांगेन. तुझ्या विरुद्ध असलं तरी."

"ये. आईसाठी रताळी उकडणार आहे, तुलाही दोन ठेवतो."

तो गेला. मी टर्मिनल उघडून बसले.

आधी कारभाऱ्याला विचारलं, मजकुराचे ठिपके करणारं पॅकेज कुठे आहे. त्याने एक ओळ दिली आणि तिच्या सुरुवातीला दोन अक्षरं. त्या अक्षरांचा अर्थ मला सरांनी शिकवला होता: पॅकेज काढलेलं आहे, पण त्याची मांडणी जपून ठेवली आहे.

मी ती ओळ पुन्हा वाचली. जे निघून गेलं, त्याच्या सवयी तो सांभाळून बसला होता. डावीकडे किती जागा सोडायची, ओळीत किती अक्षरं, कागद किती जाड. हे आकडे सरांनी एकेक पान मायदेलिनच्या बोटांखाली धरून ठरवले होते. कुणी सांगितलं नव्हतं त्याला हे राखायला. कुणी परत येईल याची खात्रीही नव्हती.

मग इतिहासाची फाइल उघडली. कारभारी जे जे करतो ते तारखेसकट तिथे उतरवतो. खालून वर चाळत बुधवारपाशी आले. बुधवारी काहीच नाही, गुरुवारीही नाही. त्याआधीच्या आठवड्यातला मंगळवार, सकाळी सात वाजून बारा मिनिटं: जुना शब्दकोशांचा मोठा संच काढला. सात चौदा: त्याच्या सोबतीला आलेली, आता कुणालाच नको असलेली सत्तावीस पॅकेजं काढली. त्यांची सगळी नावं ओळीने. अकरावं नाव ठिपके करणाऱ्याचं.

त्याखाली, विनंती कुणाची: नेरेइदा.

माझं एक व्रत आहे. पहाटे देव्हाऱ्यातल्या कारिदाद मातेपुढे मेणबत्ती लावायची आणि जपमाळेची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच फेरे, पुरी होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. आई आजारी होती तेव्हा धरलं, सतरा वर्षं मोडलेलं नाही. बस उशिरा आली की उरलेली दशकं ऑफिसात करते. त्या मंगळवारी चौथं दशक चालू होतं. डाव्या हातात माळ होती, उजवा कीबोर्डवर. डिस्क भरत आली होती म्हणून जागा करत होते. कारभाऱ्याने सत्तावीस नावं पुढे ठेवली आणि विचारलं, काढू का? मातेचं नाव ओठांवर होतं, आणि बोटाने होकार दाबला.

 लाज वाटलीच, खोटं कशाला सांगू. पण लाजेहून मोठं काहीतरी त्या पडद्यावर होतं. ती सत्तावीस पॅकेजं मी कधी मागितली नव्हती, त्यांची नावं मला ठाऊक नव्हती. तरी इतकी वर्षं आमचं प्रत्येक पान त्यांच्यातल्या एकाच्या हातून गेलं. ज्यांनी त्याला बोलावलं ते शब्दकोश मी काढले, त्या क्षणी त्याचं इथे कुणी उरलं नाही. कारभाऱ्याने तेही विचारून केलं, आणि विचारल्याचं लिहून ठेवलं. राग नाही, घाई नाही, एक नाव गाळलेलं नाही. माझे हात आपोआप जुळले. कुणापुढे, ते मी ठरवत बसले नाही.

मग कामाला लागले. हवानाहून बसने येणारी हार्ड डिस्क कपाटात असते, आमची पॅकेजं तिच्यातूनच येतात. डिस्क लावली, ठिपके करणारं पॅकेज नावाने मागितलं. या वेळी यादी शेवटपर्यंत वाचली. ते आलं, आणि सोबत लागणारी दोन आली. नोंदीत त्याच्यापुढे आता खूण होती, माणसाने मागितलेलं.

प्रिंटर कडाडला. मायदेलिनने पान बोटांखाली घेतलं आणि ती थांबली.

"समास," ती हळूच म्हणाली. "हा लेओनसिओसरांचा समास आहे. तू मोजलास?"

"नाही. त्याने ठेवला होता."

"कुणी?"

"ज्याला सगळं आठवतं त्याने."

"ताई, तू सर्व्हरविषयी बोलतेयस की देवाविषयी?"

 मी इतिहासाच्या त्या ओळी कागदावर काढल्या आणि बेलकिसबाईंकडे गेले. प्रिंटरचा आवाज त्यांनी ऐकला होता.

"बघ! तो उठून गेला आणि मशीन बरं झालं."

मी कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"हे कोण वाचायला जातंय, नेरेइदा? चाललं ना मशीन? कपाटात टाक."

"बाई, चूक माझी आहे. पत्र द्यायचं तर माझ्या नावाचं द्या."

"तू गोदामात गेलीस तर इथे कोण बसणार?"

"ओस्मानी. त्याला येतं सगळं."

 मग खणातून ओस्मानीच्या नावाचं अर्धवट लिहिलेलं पत्र काढून त्यांनी दोन तुकडे केले. "आणि तुझ्याविषयी सोमवारी बोलू," त्या म्हणाल्या. "स्पीकर मात्र चालणार नाही, सांग त्याला."

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, टेबलावरच्या त्याच्या किल्ल्या घेतल्या. बाहेर ऊन उतरलं होतं, गल्लीत डॉमिनोच्या सोंगट्या आपटत होत्या. मी डावीकडे वळले आणि ओस्मानीच्या घराच्या दिशेने चालू लागले.