पेन्सिलच्या दोन नोंदी

लिफ्टदुरुस्तीत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस गाडी घेतो तेव्हा गाडीचीही वही ठेवतो, हे ओघानेच आलं. पाच वर्षं दुसऱ्या कुणीतरी वापरलेली छोटी एसयूव्ही दारात उभी राहिली, त्याच संध्याकाळी त्याने कोरी वही काढून चार रकाने आखले: तारीख, किलोमीटर, निरीक्षण, सही.

"अहो, गाडी तुमची, वही तुमची, मग सही कुणाला दाखवायची?" बायकोने विचारलं.

"सही करायची असली की माणूस खोटं लिहीत नाही," तो म्हणाला. बिचारा! बोलून गेला खरा.

कामावर त्याला सगळे वहीवाले म्हणत, थोडं कौतुकाने आणि बरंचसं चेष्टेने. आपणही तेच म्हणू.

वही मात्र वाचण्यासारखी होती. सीट उंच असल्यामुळे बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यांना चढ-उतर सोपी जाते, हे पहिल्याच पानावर होतं. डाव्या मागच्या दाराची खडखड चाळीसच्या वेगाला सुरू होते आणि साठला थांबते. एसी लावून चढ चढायला घेतला की गाडी कुरकुर करते. मागची सीट आडवी केली तर सहा फुटी शिडी तिरकी बसते, सरळ बसत नाही. गाडीचं असं एकही दुखणं नव्हतं जे त्याने टिपलं नव्हतं, आणि गाडी त्याने तळहाताच्या फोडासारखी जपली होती.

नोंदींचा नियम त्याने कामावरून आणला होता. लिफ्ट कधी एखाद्या वेळी उगाच अडते, विजेच्या झटक्यानेही अडते. म्हणून त्याच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा की, तक्रार पहिल्यांदा दिसली तर पेन्सिलने लिही, दुसऱ्यांदाही पेन्सिलनेच. तिसऱ्यांदा दिसली की शाईने लिही, मग लिफ्ट बंद ठेव आणि दुरुस्त झाल्याशिवाय चालू करू नकोस. नियम चांगला होता. त्याने स्वतः कित्येकदा लिफ्ट बंद ठेवून अख्ख्या इमारतीच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

चौथ्या वर्षी गाडी पहिल्यांदा बंद पडली. अर्धा तास गर्दीत रखडून इंजिन तापलं होतं, आणि सिग्नलपाशी वेग कमी करताच ते एकदम बंद पडलं. ना धक्का, ना आवाज. स्टिअरिंग जड झालं. दोन मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली. त्याने पेन्सिलने नोंद केली.

दुसऱ्या वेळी बायको शेजारी होती. पुलाचा चढ होता, मागे मालाने भरलेला ट्रक होता आणि ट्रकवाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. गाडी बंद पडून हळूहळू मागे सरकली. त्याने हँडब्रेक ओढला तेव्हा ट्रकचं तोंड मागच्या काचेत मावत नव्हतं इतकं जवळ आलेलं होतं. घरी येईपर्यंत बायकोने दाराची कडी सोडली नाही.

मेकॅनिकने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि परत दिली. "साहेब, बंद पडली तर शोधू ना! माझ्याकडे ती पडतच नाही. सेन्सर असेल कदाचित. पुन्हा झालं की तशीच घेऊन या."

आता गंमत बघा. वहीवाल्याने दुसरी नोंदही पेन्सिलने केली आणि त्यानंतर गाडी गर्दीत नेणंच बंद केलं. बाजारात जायचं तर सकाळी आठच्या आत. पुलावरून जायचं तर वळसा घालून. लिफ्टमध्ये दोष दिसला की तिसऱ्यांदा तो दिसावा म्हणून मुद्दाम वर-खाली फेऱ्या मारणारा हा माणूस, इथे तिसरी वेळ येऊच नये म्हणून जपत होता. तीन महिन्यांनी त्याने गाडी विकायला काढली. बायकोला त्या गाडीत बसवायची त्याला भीती वाटत होती, एवढंच खरं कारण होतं. ज्या गाडीत आपल्या बायकोला बसवायचा धीर होत नाही, ती दुसऱ्याच्या घरी पाठवताना मात्र त्याला धीर झाला.

विकण्याच्या आदल्या दुपारी त्याने खोडरबर घेतला. तीनदा कुठे दिसलंय, असं स्वतःला सांगत त्याने दोन्ही ओळी पुसल्या आणि फुंकर मारून वही मिटली.

गाडी घेतली ती पडदे शिवणाऱ्या बाईंनी. त्यांचं शिलाईचं छोटं दुकान होतं. त्या घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेत आणि पडदे शिवून दांड्यांसकट बसवून देत. बसमधून दांडे नेताना लोकांच्या पाठीत लागतात म्हणून त्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या होत्या. बरोबर मेकॅनिक आणला नव्हता. वहीवाल्याच्या बैठकीत बसून त्यांनी अख्खी वही वाचली, दाराच्या खडखडीपाशी हसल्या आणि म्हणाल्या, "दाराची खडखडसुद्धा ज्याने लिहून ठेवलीय, तो काय लपवणार?"

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी वहीवाल्याने शाई-पेन्सिलचा नियम त्यांना तिखटमीठ लावून सांगितला. त्या गाडी आणि वही घेऊन गेल्यावर बायकोने विचारलं, "ते बंद पडण्याचं सांगितलंत ना त्यांना?"

"हो तर," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात मोठं खोटं ते.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. "एक विचारू? हसू नका हं. सिग्नलला गाडी माझ्या हातून बंदच पडते. तुमच्या हातात कधी असं झालं होतं का?"

"क्लच अर्धवट सुटत असेल तुमच्याकडून," तो म्हणाला. "नवीन हात आहे, होतं असं." फोन ठेवल्यावर त्याने मनाशी हिशोब मांडला की आपण 'नाही' असं काही म्हटलेलं नाही. अशा हिशोबाने माणसाचं समाधान होत असतं तर काय हवं होतं!

पुढच्या महिन्यात पुन्हा फोन आला. बाई पुन्हा ड्रायव्हिंगच्या शिकवणीला जात होत्या. "मास्तरांच्या गाडीत छान जमतं हो. स्वतःच्या गाडीतच मी घाबरते बहुतेक. आमचे हे होते तेव्हा म्हणायचेच, हे तुझं काम नाही म्हणून." आणि त्या हसल्या. त्यांचं ते हसणं वहीवाल्याच्या कानातून जाईना.

मन त्याला खात राहिलं. कामावर तो विचित्र वागू लागला. लिफ्टच्या पंख्याचा जरासा आवाज आला तरी पहिल्याच वेळी शाईने लिहायचा. एका इमारतीतली धडधाकट लिफ्ट त्याने दोन दिवस बंद ठेवली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. बोलणी खाताना त्याला बरं वाटलं, पण ते जेवायला बसेपर्यंतच टिकलं.

शेवटी तो मेकॅनिककडे गेला आणि तो सेन्सर विकत घेऊन आला. बेत असा होता की, जुना मालक म्हणून सहज चौकशीला जायचं, एकदा गाडी बघतो म्हणायचं आणि सेन्सर गुपचूप बदलून टाकायचा. गाडी बंद पडायची थांबेल, आपला हात सुधारला असं बाईंना वाटेल, सगळेच सुखी. आपली अब्रू वाचवायची आणि वर उपकारही करायचे, असा तो बेत होता.

दुपारी तो दुकानात शिरला. कापडाच्या ठाणांच्या मधोमध बाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. दाराशी पडद्यांचे दांडे दोरीने बांधून ठेवले होते.

"या, या! बसा," त्या म्हणाल्या. "गाडी बघायला आलात होय? ती तर गेली. भाचीला देऊन टाकली. तिला नोकरी लागलीय ना, घाटापलीकडे. उद्या सकाळी निघतेय, स्वतः चालवत."

"का दिलीत?" त्याने विचारलं.

"मला नाही जमत हो. परवा तर भर चौकात पडली बंद. लोक काय काय बोलले! मी म्हटलं, आता पुरे. आपली बस बरी." त्यांनी धागा दाताने तोडला. "पण तुमचा वहीचा नियम मी मोडला नाही हं. तीनदा झालं म्हणून शाईने लिहिलं. गाडी बंद पडते, दोष चालवणारीचा, गाडीत काही नाही. सही केली आणि वही भाचीला दिली. तिची काळजी मिटली."

वहीवाला उभाच राहिला. खिशातल्या सेन्सरवर त्याचा हात होता. सेन्सर बाहेरही न काढता आत्ता निघून जाता आलं असतं. उद्या सकाळी एक मुलगी घाट चढणार होती, आणि गाडी बंद पडली की आपलाच क्लच चुकला असं समजून पुन्हा किल्ली फिरवत बसणार होती.

"बाई, दोष गाडीत आहे," तो म्हणाला. "माझ्या हातातही बंद पडली होती. दोनदा. पुलावर मागे ट्रक होता. मी लिहिलं होतं आणि तुम्ही यायच्या आधी पुसलं."

मशीन थांबलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या कापडाकडे. "मी फोन करून विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही क्लच म्हणालात."

"हो."

त्यांनी मोबाईल उचलला, नंबर लावला, स्पीकर लावला आणि फोन त्याच्यासमोर मशीनवर ठेवला. "बोला. माझं ती ऐकणार नाही. तिला वाटेल, मावशी घाबरट आहे."

"हॅलो मावशी!" पलीकडून आनंदी आवाज आला. "सामान भरतेय. आणि हे बघ, गाडीची काळजी करू नकोस. मी काही तुझ्यासारखी क्लच सोडत नाही!"

बाईंची मान खाली गेली.

"बाळा, गाडी मी विकली होती, ती वही माझी," वहीवाला म्हणाला. "उद्या निघू नकोस. गाडी तापली की आपोआप बंद पडते. दोष जुना आहे, मला माहीत होता आणि मी लपवला. मी उद्या येऊन नीट करून देतो, मेकॅनिकला घेऊन येतो. आणि मावशीने वहीत जे लिहिलंय ते खरं नाही. तुझी मावशी चांगली गाडी चालवते."

"मावशी?" भाची म्हणाली. "अगं, आम्ही सगळे हसलो होतो तुला."

"नंतर बोलू," म्हणत बाईंनी फोन बंद केला. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. वहीवाला माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"माफी राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिला शेवटी जे सांगितलंत ना, ते आता मला सांगा. माझ्याकडे बघून."

त्याने त्यांच्याकडे बघितलं, पण आवाज फुटेना. तो फुटेपर्यंत बाई थांबल्या.