मशीनले सी चालत नाही

चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत आला होता. सदर मोहल्ल्यातल्या इंदूबाईंच्या घरी एवढी माणसं त्यांच्या मुलाच्या, मनोहरच्या लग्नातसुद्धा आली नव्हती, आणि तेव्हा तर पंगती होत्या. आज होता नुसता शिरा आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता, काचेला कुंकवाचं बोट ओढलं होतं. समोर परातीत तांदूळ पसरले होते, कारण थोड्याच वेळात त्या तांदळांत इंदूबाईंच्या सुनेचं नवं नाव लिहायचं होतं.

आधी चमत्कार झाला. यंत्रानंद महाराजांनी झोळीतून हळद माखलेली काळी फ्लॉपी काढली, कपाळाला लावली, मशीनच्या फटीत सरकवली आणि मशीन पुन्हा चालू केली. घर्र घर्र झालं. पडद्यावर 'ए' हे अक्षर उमटलं. महाराजांनी दोन-चार बटणं दाबली आणि बेसिक नावाची जी कॉम्प्युटरची भाषा महिनाभर रुसून बसली होती, ती झटक्यात उघडली.

"लागली, लागली!" शेजारचे वामनराव ओरडले. ते पोस्टातून रिटायर झाले होते आणि तेव्हापासून कुठल्याही चमत्काराला वेळेवर हजर असत.

"आता पाहा." महाराजांनी फ्लॉपी काढून घेतली आणि मशीन परत चालू केली. या खेपेला पडद्यावर 'सी' आलं. महाराजांनी तीच बटणं दाबली, तर खाली इंग्रजीत ओळ उमटली: बॅड कमांड ऑर फाइल नेम.

महाराजांनी डोळे मिटले. "बॅड म्हणजे वाईट. कमांड म्हणजे हुकूम. ऑर म्हणजे नाहीतर. नेम म्हणजे नाव. फाइल म्हणजे... ते आपलं कागदं ठेवाची. मशीन सोताच सांगून राहिली ना बाप्पा! हुकूम करणारी वाईट, नाहीतर तिचं नाव वाईट. सी म्हणजे कोण? तुमची सून चारुशीला! मशीनले सी चालत नाही. मशीन ए मागून राहिली. ए म्हणजे अन्नपूर्णा."

इंदूबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. मनोहरच्या लग्नात सुनेसाठी त्यांनी अन्नपूर्णा हेच नाव ठरवलं होतं. पण परात समोर आली तेव्हा नवरी म्हणाली, "माझं नाव राहू द्या. सर्टिफिकेटवर तेच आहे." भर मांडवात! ते त्या विसरल्या नव्हत्या. आता ही गोष्ट महाराजांना कशी कळली? अंतर्ज्ञानानं, दुसरं काय! मागच्याच बुधवारी इंदूबाईंनी महाराजांच्या सीताबर्डीच्या दुकानात चहा पीत पीत सगळं सांगितलं होतं, तो भाग वेगळा.

हो, दुकान. महाराज गुरुवारी महाराज असत. इतर दिवशी ते रुपराव, रेडिओ, टीव्ही आणि आता कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. मनोहर खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. त्यानं हा कॉम्प्युटर सेकंडहँड घेतला आणि चारुशीलानं घरातच शिकवणी सुरू केली. मोहल्ल्यातली पोरं बेसिक शिकायला येऊ लागली. खाली पाटी लागली, 'चारुशीला कॉम्प्युटर क्लास', आणि जाता-येता ती इंदूबाईंच्या डोळ्यांत खुपू लागली. पुढं कॉलेजची मुलं आली, त्यांना पास्कल नावाची दुसरी भाषा हवी होती. ती भरून घ्यायला मशीन रुपरावांच्या दुकानात गेली. परत आली ती पास्कल घेऊन आणि बेसिक हरवून. पोरं एकेक करून गळू लागली. महाराजांनी चारुशीलाला मशीनला हात लावायची बंदी केली. शेवटी मनोहर वैतागून म्हणाला, "आई म्हणते तर घे ना नाव बदलून. नाहीतर मी ही मशीन विकतो." म्हणजे एक तर नाव जाणार, नाहीतर क्लास.

"ये वं सूनबाई, बस पाटावर," महाराज म्हणाले.

चारुशीला पदर खोचून आली, पण पाटावर बसली नाही. "बसते जी. पण एक शंका आहे. मशीनले माझं नाव चालत नाही. तुमचं चालते ना?"

"माह्यं? माह्यं तर सिद्ध नाव आहे!"

"मग फ्लॉपी न लावता तुम्हीच बेसिक सुरू करून दाखवा. मी लांब उभी राहते."

"आत्ता तर त्याहीनंच दाबलं होतं ना," गर्दीतून कोणीतरी पुटपुटलं. महाराजांनी कपाळ पुसलं. पण एवढ्या लोकांसमोर मागं कसं सरायचं? त्यांनी मंत्र पुटपुटत बटणं दाबली. बॅड कमांड ऑर फाइल नेम.

"अरे बाप्पा! महाराजाईचंही नाव बदला लागते!" मागून आवाज आला आणि जिन्यापर्यंत हशा पिकला. इंदूबाईंना मात्र हसू आलं नाही. महाराजांना घरी त्यांनीच बोलावलं होतं, त्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं.

"मशीनवर सुनेची सावली पडून राहिली," महाराज गरजले.

"सावली नाही जी, ओळ आहे." चारुशीला मशीनपुढं बसली. महिनाभर हात लावायची बंदी होती, वाचायची नव्हती. मशीनसोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक तिनं वाचून काढलं होतं. तिनं काहीतरी टाइप केलं, पडद्यावर थोड्या ओळी आल्या. "आई, इकडं पाहा. मशीन चालू झाली की या ओळी वरून खाली वाचते. ही वरची ओळ सांगते, मागितलेली वस्तू बेसिकच्या खोलीत शोध. ही खालची सांगते, पास्कलच्या खोलीत शोध. खालची ऐकली की ती वरची विसरते."

"म्हणजे शेवटी सांगेल त्याचंच खरं?" इंदूबाई म्हणाल्या. "आपल्या मनोहरसारखं?"

"अगदी तसंच. पास्कल भरताना ही खालची ओळ घुसली. आता बेसिक मागितलं की मशीन पास्कलच्या खोलीत जाते, आणि म्हणते, या नावाचं इथं कोणी नाही. काका, तुम्हीच सांगा. चिठ्ठी भलत्याच गल्लीत नेली, तिथले लोक म्हणाले या नावाचा माणूस नाही, तर नाव वाईट म्हणायचं का?"

वामनराव गडबडले. जन्मभर चिठ्ठ्या पाहिलेला माणूस. "नाही वं. पत्ता चुकला म्हणायचं."

"बस. आता ही महाराजांची फ्लॉपी." तिनं ती लावून आतलं उघडून दाखवलं. "हा मंत्र. एकच ओळ, बेसिकच्या खोलीचा बरोबर पत्ता. फ्लॉपी लावली की मशीन ती वाचते, म्हणून चालते. मशीनच्या पोटातल्या जागेले सी म्हणतात, फ्लॉपीच्या फटीले ए. आणि बेसिक कुठं राहते? सी मध्येच! महाराजांची ए सुद्धा सी च्या घरूनच आणून वाढून राहिली."

फ्लॉपी काढून तिनं दोन ओळींची एकच ओळ केली, दोन्ही खोल्यांचा पत्ता असलेली, आणि मशीन परत चालू केली. पडद्यावर 'सी' आलं. बेसिक मागितलं, बेसिक आलं. पास्कल मागितलं, तेही आलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

महाराज झोळी आवरत म्हणाले, "पाहा, कुंकवाचा गुण हळूहळू लागून राहिला. येतो मी, दुकानात गिऱ्हाईक थांबलं असेल." गुरुवारी दुकान बंद असतं, हे कोणी त्यांना सांगितलं नाही.

खरी गंमत पुढंच आहे. वामनराव शिऱ्याचा घास घेत म्हणाले, "मशीन सुधरली, झकास झालं. पण इंदूबाई, परात मांडलीच आहे, लोकही आले आहेत, तर अन्नपूर्णा उरकूनच टाका." आणि चार जणींनी माना डोलावल्या! चमत्कार मेला तरी मुहूर्त मरत नाही आपल्याकडं.  चारुशीलानं सासूकडं पाहिलं. सगळेच पाहत होते.

इंदूबाई उठल्या आणि मशीनपुढं जाऊन बसल्या. पोरांनी बनवलेला एक खेळ चारुशीलानं नुकताच चालू केला होता. मशीन इंग्रजीत विचारत होती, तुमचं नाव काय? इंदूबाईंना इंग्रजी मुळाक्षरं तेवढी येत. एका बोटानं शोधत शोधत त्यांनी चार अक्षरं दाबली. उत्तर आलं: नमस्ते जिजा.

"जिजा कोण वं?" वामनरावांनी विचारलं.

"मी." इंदूबाई म्हणाल्या. "माह्या बापानं ठेवलं होतं. सासरी नणंद जिजा होती. एका घरात दोन जिजा चालत नाही म्हणे, म्हणून परातीत इंदू लिहिलं. मले कोणीच विचारलं नाही. किती तरी दिवस कोणी इंदू म्हणून हाक मारली तर मी वळूनच पाहत नव्हती, अन् सासू म्हणे, पोरगी बहिरी आहे." त्यांनी डोळे पुसले आणि मग अशा कडाडल्या की शिऱ्याच्या वाट्या जागच्या जागी थांबल्या. "अन् मी आज हिच्यासोबत तेच करून राहिली होती, एका फ्लॉपीच्या सांगण्यावरून! ऐकून घ्या सगळे. मशीन बिघडली तर मशीन उघडून पाहा. पोरगं आजारी पडलं तर डॉक्टरले दाखवा. जे बिघडलं ते तपासा ना गा, घरातली बाई काहून तपासता?"