नाकातलं तूप

भुजंग हाताचा चांगला तंत्रज्ञ, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही. आणि नेमकं दोन हजार नऊच्या ऑगस्टात, जालन्याच्या एका दवाखान्यात, त्याच्या वाट्याला गप्प राहायचं काम आलं.

स्वाइन फ्लूची साथ होती. ताप असलेल्या प्रत्येकाच्या नमुन्याच्या दोन काड्या घ्यायच्या, टोकाला कापूस लावलेल्या. घशातली पुण्याला जायची, तिचा निकाल चार दिवसांनी. नाकातली इथंच नव्या तपासणी-पट्टीवर, निकाल पंधरा मिनिटांत. दोन्ही निकाल वहीत शेजारी लिहायचे आणि पट्टी किती खरं बोलते ते बघायचं. डॉक्टर गोपीकिशन यांनी बजावलं होतं, "परीक्षा पट्टीची आहे, पेशंटची नाही. ती काय म्हणते ते कुणाला सांगायचं नाही."

राजूरच्या साळूबाई सुनेला घेऊन आल्या. गिरिजाला सातवा महिना होता आणि ताप एकशे दोन. काडी घालताना नाकपुडी बुळबुळीत लागली, पण बाहेर रांग लांब होती, भुजंगनं तिकडं काणाडोळा केला. पंधरा मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ उमटली. म्हणजे फ्लू नाही. साळूबाई दारातच उभ्या होत्या.

"भाऊ, काय म्हणून राह्यली तुमची पट्टी?"

त्यांचा चेहरा बघून त्याला राहवलं नाही. "न्हाई म्हंती, मावशी."

साळूबाईंनी तिथूनच राजूरच्या गणपतीला हात जोडले आणि डॉक्टरांची वाट न बघता सुनेला घेऊन गेल्या. भुजंगला फार बरं वाटलं. गाढवपणा करताना माणसाला नेहमी बरंच वाटतं.

पाचसहा पेशंटांनंतर अंबडच्या एका म्हातारीचं नाक तसंच बुळबुळीत लागलं. आता त्यानं विचारलं.

"तूप हाय, साजूक," म्हातारी म्हणाली. "सर्दी झाली की सोडतोच की आम्ही नाकात."

गिरिजाच्या नाकातून भुजंगनं तूपच तर पुसून आणलं नव्हतं? तो तसाच डॉक्टरांकडं गेला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुपानं बिघडलं की पट्टीच कच्ची आहे, ते नंतर बघू," ते म्हणाले. "सातवा महिना आहे तिचा. पुण्याची वाट बघायची नाही. या फ्लूच्या गोळ्या घेऊन आत्ता निघ."

मोटारसायकलवरून राजूरला जाताना पुढच्या ट्रकवर 'अति घाई संकटात नेई' लिहिलेलं होतं. ते वाचत वाचतच त्यानं ट्रक मागं टाकला.

गिरिजा खाटेवर पडून होती. तापानं ओठ सुकले होते.

"तुम्ही तं न्हाई म्हणले व्हते," साळूबाई म्हणाल्या.

"चुकलो, मावशी. मलाच ठाऊक नव्हतं, तरी सांगून बसलो."

"मंग जल्दी आलात ते बरं केलं," म्हणून साळूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. पहिली गोळी गिरिजानं त्याच्यासमोर घेतली.

पुढचे चार दिवस भुजंगला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी सकाळी पुण्याचा कागद आला. गिरिजाच्या नावापुढं फ्लू होता. त्यानं लगेच राजूरला फोन लावला.

"गिरिजा कशी हाय, मावशी?"

"काल ताप उतरला. आता दीड भाकर खाल्ली, अन् लेकरू पोटात लाथा मारून राह्यलंय. पुण्याचा कागद काय म्हंतो?"

"फ्लू हाय म्हंतो."

"व्हता म्हना, भाऊ."

भुजंगचा जीव भांड्यात पडला. तो स्टुलावर बसला आणि लाज न बाळगता रडला. मग डोळे पुसून त्यानं वही उघडली. पट्टी: नाही. पुणे: आहे. शेजारी रेघ मारून त्यानं आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'नाकात तूप?'

दारात पुढची बाई लेकीला घेऊन उभी होती. काडी झाली, पंधरा मिनिटं झाली.

"काय म्हंती वो तुमची पट्टी?"

भुजंगनं वही मिटली. "तिचीच परीक्षा चालू हाय, ताई," तो म्हणाला. "तुम्ही आधी डॉक्टरांना भेटा."