आत्मा थकला की डिस्क भरली?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज डोळे मिटून डुलत होते आणि कारखान्यातल्या अपघातात गेलेला इंजिनिअर म्हणे त्यांच्या तोंडून बोलत होता.

"आई, यंत्राचा पट्टा सैल आहे म्हणून कानीकपाळी ओरडलो गं! ऐकतं कोण?" महाराज मध्येच कोरडं खोकले. अगदी त्याच्यासारखं.

पहिल्या रांगेत आईनं हंबरडा फोडला. शेजारी सून थिजून बसली होती.

"बायकोला घराबाहेर काढ, आई. घर महाराजांच्या चरणी वाहा."

"त्याचा लॅपटॉप प्रयोगशाळेत सीलबंद आहे!" निवेदक गरजला. "तरी महाराजांना त्यातलं अक्षरन् अक्षर दिसतं!"

टाळ्यांनी छत दणाणलं.

दुसऱ्या दिवशी सून प्रयोगशाळेत आली. अपघाताच्या चौकशीसाठी आलेला तो लॅपटॉप तपासनीस बाईंकडे होता. सुनेनं महाराजांची वाक्यं सांगितली तशी बाईंच्या अंगावर काटा आला. हीच वाक्यं त्यांनी लॅपटॉपमधल्या, इंजिनिअरनं आईसाठी बोलून ठेवलेल्या पण न पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकली होती, त्या खोकल्यासकट. बायकोला बाहेर काढण्याची गोष्ट मात्र त्यात कुठेच नव्हती.

त्या तडक प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांकडे गेल्या. "साहेब, इथून माहिती फुटलीय."

"फुटली असेल तर तुमच्याच हातून, बाई. ऐकलंय फक्त तुम्ही! त्यापेक्षा चमत्कार बरा. चमत्काराची चौकशी होत नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकलेला माणूस, आणि ही भाषा!

डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं एक यंत्र तिथे होतं. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ते आपणहून ठेवायचं, पण ती उघडून बघायची तसदी कोणी घेत नसे. बाई तळहाताएवढ्या पडद्यावर एकेक नोंद सरकवू लागल्या.

"कशाला डोळे फोडताय?" पुराव्यांच्या कोठारावरचा माणूस म्हणाला. "त्याचं घड्याळ चुकतं."

बाईंनी एक रिकामी डिस्क लावून चाचणी घेतली. यंत्राची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळली.

आधी त्यांची स्वतःची नोंद सापडली: लॅपटॉपच्या डिस्कचा क्रमांक, प्रत पूर्ण, पडताळणी बरोबर. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा तोच क्रमांक! वापरकर्ता म्हणून साहेबांचं नाव, प्रत मात्र प्रयोगशाळेच्या नसलेल्या डिस्कवर. शेवटी यंत्रानं लिहिलं होतं: 'डिस्क भरली. काम अर्धवट थांबले.'

साहेबांचा पासवर्ड त्यांच्याच पडद्यावर चिकटवलेला असायचा. रविवारी कोठाराची किल्ली मात्र एकाकडेच असायची. बाईंनी वळून पाहिलं, तर कोठारावरचा माणूस घामानं डबडबला होता.

"महाराजांनी मागितली," तो पुटपुटला. "त्यांना नाही कसं म्हणू?"

"ती नोंद पुसून टाका," आवाज ऐकून आलेले साहेब घाईनं म्हणाले.

"तपास अधिकाऱ्यांकडे पाठवलीसुद्धा!"

पुढच्या सभेत सून उभी राहिली, शेजारी बाई होत्या. "शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये ते आईंना काय म्हणाले, महाराज?"

महाराजांनी बुबुळं फिरवली. "आत्मा थकलाय... लहरी अंधूक झाल्यात..."

"आत्मा थकला नाही, महाराज. तुमची डिस्क भरली!" बाई ओरडल्या.

अधिकाऱ्यांच्या परवानगीनं बाईंनी चोरीच्या प्रतीत न मावलेलं ते शेवटचं रेकॉर्डिंग लावलं: "आई, हिच्यावर चिडू नकोस. नोकरी सोडा म्हणून ही रोज मागे लागते. मीच ऐकत नाही."

आईनं सुनेचा हात घट्ट धरला. महाराज मागच्या दारानं निघाले होते, पण तिथे पोलीस होते.

बाहेर एक भक्त बाईंना म्हणाला, "पण काही म्हणा, खोकला हुबेहूब होता हो!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "ऐकून ऐकून घोटला होता, बाबा! त्यांना कळलं कसं, एवढा एक प्रश्न त्या दिवशी तुमच्यातल्या एकानं विचारला असता, तर ही पोर घराबाहेर व्हायची वेळ आली नसती. हात जोडायला घाई कसली? आधी विचारा, मग जोडा."